शाळाबाह्य

माझ्या मुलीच्या अभ्यासाचं वेळापत्रक एसटी ठरवायची. नवरा पुसद आगारात कंडक्टर. त्याची ड्युटी सतत बदलायची. कधी पहाटेची गाडी, कधी मुक्कामी. मुक्कामी गाडी घेऊन गेला की तो दुसऱ्या दिवशी दहा-अकराला घरी यायचा, आंघोळ करून जेवायचा, आणि मग पुढच्या ड्युटीपर्यंत तो पोरीचा. ती शाळेत गेली असती तर बापलेकीची धड गाठ पडली नसती. तिला घरीच शिकवायचं ठरवलं त्यामागे एक कारण हे होतं. दुसरं कारण मी शाळेत पाहून आले होते.

लग्नाआधी मी पुसदच्या एका इंग्रजी शाळेत केजीच्या वर्गावर होते. आमच्या शेजारच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. ती जूनमध्ये आली आणि परीक्षेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिला घरी फक्त गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, ऐकायची सवय, आणि वर्गात सगळं मराठी नाहीतर इंग्रजी. बाईंनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं, "हिला डॉक्टरला दाखवा, हिच्या डोक्यात काहीतरी कमी आहे." बाप मान हलवत उभा राहिला. बाहेर पडल्यावर फाटकापाशी ती मुलगी बापाशी इतकं भडाभडा बोलत होती की मी जिन्यात थांबून ऐकत राहिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे मी बंजाऱ्याच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा ती भाषा मला कळायला लागली.

आमचं लग्न दोन्हीकडच्यांना नको होतं. माझं माहेर केळापूरकडचं, कापूस-तुरीचं वावर असलेलं कुणब्याचं घर. वडील लग्नाला आले नाहीत. आई आली, पण जेवली नाही. सासरी, पुसदजवळच्या तांड्यावर, मात्र मला कोणी टाकून बोललं नाही. सासरे जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. त्यांना मी आमच्याकडच्या रितीनं मामाजी म्हणायची. सासूला सगळं घर याडी म्हणायचं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. म्हणून मीही याडीच म्हणू लागले, आणि पोरगीही.

मामाजी त्यांच्या तांड्यावरचे पहिले शिकलेले. बोलायचे ते पाठ्यपुस्तकातल्यासारखं मराठी, घरातसुद्धा. 'मला', 'तुला', 'कशासाठी'. नवरा 'मले', 'तुले', 'कायले' बोलला की ते लहानपणी त्याच्या पाठीत धपाटा घालायचे, असं तो सांगायचा. याडीशी मात्र ते गोरबोलीत बोलत, कारण तिला दुसरं काही नीट येत नव्हतं. मास्तर झाल्यावर त्यांनी तिचा आरशांचा घागरा सोडायला लावला आणि पातळ नेसायला लावलं. घागरा पेटीत गेला. ती एकदा आपल्या बोलीत मला म्हणाली, "मास्तरची बायको म्हणून ऱ्हावं लागते न."

मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. तिच्या बोलण्याचं वय आलं तसं मी घरातल्यांना एकच गोष्ट सांगितली: ज्याची जी भाषा आहे तीच त्यानं तिच्याशी बोलायची. याडीनं गोरबोली, मी आमची वऱ्हाडी. नवऱ्यानं हिंदी घेतली. त्याला हिंदी बोलायची हौस होती, गाडीत नांदेडकडचे, आदिलाबादकडचे प्रवासी भरलेले असत आणि त्याची हिंदी चांगली पळायची. पुस्तकी मराठी मामाजींकडे आपोआप गेली. इंग्रजी माझ्याकडे, दुपारी थोडा वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुपार आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून जायची. कधी पोरगी शेळ्यांमागे याडीबरोबर निघून गेली की त्या दिवशी इंग्रजी नाहीच.

आमच्याकडे घंटा नव्हती, पण रिकामा दिवसही नव्हता. वाचायला ती गाड्यांच्या पाट्यांवरून शिकली. बाप तिला आगारात घेऊन जायचा आणि उभ्या गाड्यांपुढे फिरवायचा. उमरखेड, दिग्रस, माहूर, दारव्हा. 'दारव्हा' वाचताना तिची जीभ अडायची, आणि ड्रायव्हर लोक तिच्याकडून तेच पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे. मोजायला ती याडीकडून शिकली, टाके घालता घालता. एक, दी, तीन. माझ्याजवळ आली की तोच आकडा 'दोन' व्हायचा. कोणापुढे काय बोलायचं यात ती कधी चुकली नाही. माणूस बदललं की भाषा बदलायची, जशी ताटातली भाजी बदलते.

ती पाच वर्षांची असताना माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. याडी आणि ती अंगणात बाजेवर बसल्या. दोघींना एकमेकींचं बोलणं कळेना. पोरगी मधे बसली आणि इकडचं तिकडे सांगायला लागली. मी आत भाकरी थापत होते. आई म्हणाली, "सांग तुह्या याडीले, आमची पोरगी इथं येऊन वाळून गेली म्हणा."

माझा हात थांबला. पोरगी याडीकडे वळून गोरबोलीत हळूच काहीतरी बोलली; आत मला ते ऐकू आलं नाही. याडी हसली, उठून आत आली आणि वाटीभर दूध घेऊन आईपुढे ठेवलं. आई चमकली, पण दूध प्यायली. रात्री मी पोरीला विचारलं, "तू याडीले काय सांगतलं?"

"म्या सांगतलं, आजीले भूक लागली."

तिला शाळेत घालायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही गोष्ट सांगून पाहिली. लोक हसतात, आणि मग विचारतात, "पण सर्टिफिकेटचं काय?"

ती सहा वर्षांची झाली त्या जूनमध्ये तांड्यावर दोन शिक्षिका आल्या. शाळेत न जाणाऱ्या मुलांची पाहणी चालली होती. घरोघरी जाऊन त्या मुलांची नावं घेत होत्या. आमच्या अंगणात आल्या तेव्हा मामाजी कडुनिंबाखाली पेपर वाचत होते. पोरगी ओट्यावर बसून गवताच्या काड्या लांबीप्रमाणे लावत होती.

त्यातल्या मोठ्या बाईंनी मला विचारलं, "ऊसतोडीला जाता का तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

"मग मुलगी शाळेत का नाही?"

"घरी शिकवतो आम्ही."

त्यांनी घराकडे पाहिलं, तांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोण शिकवतं?"

मी माझं शिक्षण सांगितलं, मामाजींकडे बोट दाखवलं, कंडक्टर नवरा सांगितला. ऐकताना त्यांची नजर दुसऱ्या घराकडे लागली होती. त्यांना उन्हात अजून अर्धा तांडा फिरायचा होता. त्यांनी कागदावर लिहिलं. पोरगी उठून जवळ गेली, मान वाकडी करून उलट्या बाजूनं तो शब्द वाचला, "शा-ळा-बा-ह्य." मग मला म्हणाली, "आई, बाह्य म्हंजे काय?"

"बाहेरचं," मी म्हटलं.

लहान बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वाचते की छान. मग शाळेतच पाठवा ना." त्या गेल्या. मामाजींनी पेपरचं पान उलटलं नाही. बराच वेळ तेच पान त्यांच्या हातात होतं.

जेवताना ते बोलले. आवाज चढवून बोलणं त्यांच्यात नव्हतं. "मी नोकरीला लागलो तेव्हा ह्याच पाहणीचं काम माझ्याकडे होतं. ऊस तोडायला निघालेल्या ट्रकमधून मी मुलं उतरवून घेतली आहेत. बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकानं अंगावर कोयता उगारला होता. तो माझा चुलतभाऊ होता."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आणि आज माझ्या अंगणात येऊन माझ्या नातीला शाळाबाह्य लिहून गेले."

"मामाजी, तिला त्या शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त येते," मी म्हटलं.

"येत असेल. पण तुम्ही ज्या घरातून आलात, त्या घरातल्या मुलीनं शाळा सोडली तर लोक म्हणतील, हौस आहे. आमच्या मुलीनं सोडली तर म्हणतील, जातच तशी."

  त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

पुढे पावसाळ्यात आई वावरातून येताना बांधावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला पांढरकवड्याला दवाखान्यात ठेवलं. भाऊ-भावजय सोयाबीनच्या कामात. मी गेले. पोरीला याडीजवळ ठेवलं, कारण दवाखान्यात तिला कुठं ठेवणार. आठवड्यात परत येईन असं सांगून गेले, पण आईला उठताही येईना.

रोज फोन व्हायचा. एका संध्याकाळी पोरगी म्हणाली, "आई, म्या टाय लावली होती. गळ्याले टोचते."

"कुठली टाय?"

"शाळेची."

मी नवऱ्याला फोन द्यायला सांगितलं. तो थोड्या वेळानं आला. मी विचारलं, "कोणी घातलं तिला?"

"बुवानं. म्या संग गेलतो." बापाला तो बुवा म्हणतो.

"तू होकार देल्ला?"

"बुवा इतके दिवस जेवून नव्हते राह्यले. काय करू मी?"

"मले विचारता आलं असतं."

"विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं."

त्यात त्याला काही चुकीचं वाटत नव्हतं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते, आत आई पाणी मागत होती. मी फोन ठेवला आणि आईला पाणी दिलं. त्या रात्री मी गाडीत बसून निघू शकले असते. निघाले नाही, कारण आईजवळ दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्याला हे ठाऊक होतं. मामाजींनाही.

मी परत आले तोवर तिची सहामाही तोंडावर आली होती. शाळा तीच, जिथं मी शिकवलं होतं. मुख्य बाई बदलल्या होत्या. त्यांनी आम्हाला भेटायला बोलावलं. मी, नवरा आणि मामाजी त्यांच्यापुढे बसलो.

"मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण गोंधळलेली आहे. एका वाक्यात तीन भाषा. मैत्रिणीशी काहीतरी वेगळंच बोलते, आम्हाला कळत नाही. घरी एकच भाषा ठेवा. आणि ती जी बोली आहे ना, ती बंद करा. उच्चार बिघडतात."

मी म्हटलं, "ती गोंधळली नाही. ती माणूस पाहून भाषा बदलते; इथं तुम्ही सगळे एकसारखेच बोलता, म्हणून कोणाशी कोणती बोलायची ते तिला कळत नाही." मला अजून बोलायचं होतं. पण मामाजी मधे म्हणाले, "होय मॅडम. आम्ही लक्ष देऊ." मास्तर म्हणून उभी हयात त्यांनी मुख्याध्यापकांपुढे जी मान झुकवली होती, तीच मान पुन्हा झुकली. नवरा खिडकीबाहेर मैदानाकडे पाहत होता.

घरी आल्यावर मामाजी याडीला म्हणाले, आणि या वेळी मुद्दाम मराठीत म्हणाले, "आजपासून तिच्याशी मराठीत बोलायचं."

याडी तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मले येत नाही," ती म्हणाली.

"येईल तेवढं बोल."

याडीनं ते ऐकलं नाही. मामाजी घरात नसले की ती गोरबोलीतच बोलायची, आणि पोरगीही. दोघी चोरून बोलायच्या. गोठ्याकडून आवाज यायचा, पावलं वाजली की हळू व्हायच्या, मी आहे असं पाहून पुन्हा सुरू व्हायच्या. पोरीला वाटलं असेल की हा खेळ आहे. मलाही थोडे दिवस वाटलं की बाहेर शाळा आणि घरात हे, असं निभेल.

ते निभलं नाही, आणि ते मोडायला मामाजी लागले नाहीत.

तिसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाचा 'बंजारा नृत्य' म्हणून एक कार्यक्रम होता. ज्या शाळेनं ती बोली बंद करा म्हटलं होतं तिनंच तो बसवला होता. कपडे भाड्याचे आणले होते, आरशांऐवजी चकचकीत टिकल्या चिकटवलेले. गाणं हिंदी, कुठल्याशा सिनेमाचं. मास्तरीणबाईंनी मुलींना डोक्यावर घडे दिले होते, कारण घड्याशिवाय खेड्यातलं वाटत नाही.

याडी पहिल्यांदाच शाळेत आली होती. ती पातळ नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. नाच होईपर्यंत तिनं पदर तोंडाला लावून ठेवला होता. हसते की काय ते मला कळलं नाही. पडदा पडल्यावर आम्ही मागच्या खोलीकडे गेलो. पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती, गालावर लाली, कपाळावर भाड्याची बिंदी. याडी तिच्यापाशी गेली, ओढणी उलटी खोचली होती ती सरळ करायला लागली, आणि करता करता गोरबोलीत तिला सांगत होती की ही अशी नाही, अशी घ्यायची.

मैत्रिणी ऐकायला लागल्या. एक फिस्सकन हसली.

पोरीनं ओढणी याडीच्या हातातून सोडवून घेतली. "आजी," ती म्हणाली, "इथं मराठीत बोल ना."

तोवर तिनं याडीला कधी आजी म्हटलं नव्हतं. आजी म्हणजे माझी आई. याडीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती जेवढं येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाली, "चांगली नाचली तू."

 घरी आल्यावर मी पोरीला बोलले. फार बोलले. ती रडली, पण तिला आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर काही चुकलंही नव्हतं. शाळेनं तिला जे शिकवायला घेतलं होतं ते तिनं नीट शिकून दाखवलं होतं. मी याडीजवळ जाऊन म्हटलं, "लेकरू आहे, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

"नाही घेत," याडी म्हणाली.

पण त्या दिवसापासून ती पोरीशी गोरबोलीत बोलली नाही. रागानं नव्हे. पोरीचा हात धरते, वेणी घालते, खाऊ देते. फक्त बोलते ती मामाजींना हवी होती ती भाषा, तुटकी, दोन-दोन शब्दांची. 'जेव.' 'ये इकडे.' 'थंडी हाये.' तिच्याजवळ पोरीला सांगायला किती होतं, गवतांची नावं, जनावरांच्या खोड्या, लग्नात नवरीनं रडत म्हणायची गाणी, ते त्या दोन शब्दांत मावत नाही. मामाजींना हे दिसतं. एकदा बाजेवर बसलेले असताना ते मला म्हणाले, "एवढं होणारच होतं. शिक्षणात काहीतरी मागे राहतंच." मी म्हटलं, "मागं तुम्ही नाही राह्यले, याडी राह्यली." ते उठून आत गेले. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं आहे.

नवऱ्याची आणि पोरीची गाठ आता रविवारी पडते, तीही त्याची ड्युटी नसली तर. तो तिच्याशी हिंदीत सुरुवात करतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तो हसून गप्प बसतो. तिला पहिला नंबर मिळतो. मी 'मले' म्हटलं की ती मला दुरुस्त करते.

घरात बसून हे पाहत राहणं मला जमेना, म्हणून गेल्या वर्षी मी त्याच शाळेत पुन्हा नोकरी धरली. केजीचाच वर्ग. लोकांनी ओळखलं की मला तांड्यांवरची भाषा येते, तेव्हा तांड्यांवरच्या पालकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मुख्य बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. घरी मराठी बोलायला सांगा."

मागच्या पालकसभेला एक बाई आली. जवळच्याच तांड्यावरची, माझ्याहून लहान, कडेवर धाकटं. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे आणि फार कमी बोलते. मुख्य बाई दुसऱ्या टोकाला होत्या. मी त्या बाईशी गोरबोलीत बोलले. म्हटलं, घरी तिच्याशी तुमच्याच बोलीत बोला, भरपूर बोला, मराठीची घाई करू नका, ती इथं येईलच.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमची पोरगी याच शाळेत हाये न?"

"हो."

"इंग्रजी बोलते न ते? गावात सारे सांगतात."

"बोलते."

"मंग आमच्या पोरीले काहून आमच्याच बोलीत ठेवता? तुमची म्होरं जावी, आन आमची शेळ्या राखाले ऱ्हावी?"

मी तिला पुन्हा समजावायला गेले, यावेळी मराठीत, म्हणजे मी तिच्या पोरीला मागं ठेवते असं तिला वाटू नये. तसं बोलताना माझं मलाच खोटं वाटलं. तिनं धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आम्ही बोलतो घरी मराठी. थोडं थोडं बोलतो. बोलू आणखीन." हजेरीच्या कागदावर सही कुठं करायची ते तिनं विचारलं. मी जागा दाखवली. तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडून सही केली आणि गेली. तिच्यामागे पुढचे पालक उभे होते.